इफ्तारनंतरची पुडी

मिरकरवाड्यात मगरीबची अजान झाली, की आमच्यासोबत इफ्तारला बसणारा एक खलाशी खजुराचे चार तुकडे करतो. वय तिशीचं. तोंड पुरतं उघडत नाही आणि माशाचं तिखट सार गालाच्या आत झोंबतं. ही पुडीची करणी आहे.

तोंडाची रचना पाहा. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या 3 जोड्या असतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. रोज्यात तोंड कोरडं पडतं, पण खजूर जिभेवर ठेवताच लाळ सुटते. ती दात धुते, घास ओला करते, भात-भाकरीचं पचन तोंडातच सुरू करते. गालाचं आतलं अस्तर रबरासारखं ताणतं, म्हणून घास मावतो. सुपारी नेमकं हेच अस्तर ताठ करते, आणि गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही. पुढे कर्करोगाचा धोका असतो. तंबाखू तो आणखी वाढवते.

राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी रात्री बोटीवर जागं राहायला पुडी लागतेच, असं खलाशी सांगतात. घरात बायका मिश्री लावतात, तीही तंबाखूच. आमची आजी रोज्यात दिवसभर मिस्वाक करायची आणि इफ्तार झाली की मिश्रीची डबी उघडायची.

माझं म्हणणं एवढंच: जो माणूस 13 तास पुडीशिवाय राहतो, त्याला ती सोडणं जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. अर्धी लढाई तो रोज जिंकतो आणि नमाज उरकून टपरीवर हरतो. श्रावण, नवरात्र पाळणाऱ्या शेजाऱ्यांनाही हे लागू आहे. तांडेलांनी बोटीवर आणि मशिदीतल्या जाणत्यांनी जुम्याला हे उघड बोलावं.

आज आरशासमोर उभे राहा. आपली 3 बोटं जुळवून, उभी धरून, पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल, तर ईदची वाट पाहू नका. दातांच्या डॉक्टरांकडे जा.

ईदचा शिरखुर्मा सगळ्यांनाच तोंडभर खाता आला पाहिजे.