खडी फोडायला

‘शिकला नाहीस तर जेलात खडी फोडायला बसशील.’ आमच्या कसबा बावड्यात ही धमकी ऐकल्याशिवाय कुठलंही पोरगं मोठं होत नाही. मी शिकलो, इंजिनिअर झालो, आता पुण्यात येरवड्याच्या बाजूला बसून कोड लिहितो. आणि ही धमकी आता मला डोक्यात जाते. प्रामाणिक मजुरी आपल्या भाषेत शिक्षा कधीपासून झाली? घण, पहार, छिन्नी घेऊन दगड फोडणाऱ्या वडारांनी कुणाचं काय चोरलं होतं?

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. २६ जानेवारी २०२१ ला सरकारने इथूनच ‘जेल टुरिझम’ सुरू केलं. सांगायचा इतिहास ठरलेला: चापेकर बंधूंची फाशी, गांधीजींचे कारावास, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. हे सगळं खरं आहे आणि मोठंही आहे. पण ही तुरुंगातल्या नामवंतांची यादी झाली. तुरुंगाचा इतिहास यात कुठे आला?

कारण त्याच १८७१ मध्ये इंग्रजांनी आणखी एक गोष्ट बांधली: गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग १९११ च्या सुधारित कायद्याने देशभर. माणूस जन्मला की गुन्हेगार. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तुरुंगाला निदान दगडी भिंती तरी लागतात. या कायद्याला जातीचं नाव पुरत होतं.

आमच्या बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ ला जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१८ मध्येच संस्थानातल्या महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. देशाने तो कायदा रद्द केला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे चौतीस वर्षांनी. आम्ही जयंतीला डिजिटल बोर्ड लावतो, डॉल्बी लावतो. हजेरीबद्दल त्या बोर्डावर एक ओळ नसते.

कायदा गेला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडारही आहेत. आपल्या घरातला पाटा, वरवंटा, जातं ज्यांच्या हातचं, ते सरकारी कागदावर ‘सुटलेले’. कशातून सुटलेले, हे कुणी विचारत नाही.

‘अरे, नुसता वाक्प्रचार आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस?’ असं मला ऑफिसातले मित्र म्हणतात. मग ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत तोवर जात बघून काम वाटायची तरतूद होती: स्वयंपाक एका जातीला, झाडलोट दुसऱ्या जातीला. विमुक्तांना ‘सराईत’ धरणारे उल्लेखही होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर!

येरवड्याहून नगर रस्त्याने पुढे गेलं की वाघोली, तिथे दगडाच्या खाणी. आपले आयटी पार्क, आपले फ्लॅट खडीशिवाय उभे राहत नाहीत. तेव्हा टुरिझम चालवायचंच असेल तर दाराशी पहिली पाटी त्या १८७१ च्या कायद्याची लावा, त्यातल्या जमातींच्या नावांसकट. चापेकरांची, गांधींची पाटी तिच्यानंतर. आणि येत्या २६ जूनला बावड्यातल्या एका तरी बोर्डावर १९१८ लिहा.