प्रश्नावली घेऊन आरेत जाताना

दहावीच्या भूगोलाचे जे पुस्तक २०१८ साली आले, त्यातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. त्यातली मुले नळदुर्गहून अलिबागला निघतात. परीक्षेत प्रश्नावली तयार करा, अहवाल लिहा असे प्रश्न येतात आणि आपली मुले गाइडमधले उत्तर पाठ करून मोकळी होतात. पालकांच्या मनात तर क्षेत्रभेट म्हणजे बस आणि वर्गणी. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याचे पोर घरीच. आम्ही म्हणतो, उपनगरातल्या मुलांनी अलिबागची वाट कशाला पाहावी? गोरेगाव पूर्वेहून बेस्टची बस धरावी आणि आरे कॉलनीत उतरावे.

मात्र निघण्यापूर्वी एकच प्रश्न पक्का करावा. ‘आरेची माहिती’ हा प्रश्न नव्हे. ‘इथे पडलेले पावसाचे पाणी जाते कुठे?’ हा प्रश्न झाला. ओशिवरा नदी आरेच्याच टेकड्यांतून निघते. विहार आणि पवई तलावांचे भरून वाहणारे पाणी मिठीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मिठीकाठच्या ज्या घरांत पाणी शिरले त्या घरातल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. पाऊस ओसरल्यावर, मोठ्या माणसाच्या सोबतीने, उथळ ओढ्याच्या काठी दहा मीटर मोजावेत, सुकलेले पान सोडून घड्याळ लावावे. तीनदा करावे, सरासरी काढावी. एवढ्याने वेग कळतो. ही आकडेवारी कोणत्याही गाइडात सापडत नाही.

जमिनीच्या वापराचा विषयही इथे चांगला होतो. शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली ही दूध वसाहत उभी राहिली. क्षेत्र सुमारे १,३०० हेक्टर. तबेले, चित्रनगरी, वस्त्या, सारे एका नकाशात रंगवता येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. तिथे आज काय आहे, हे मुलांनी मेट्रोने जाणाऱ्यालाही विचारावे आणि पाड्यावर राहणाऱ्यालाही. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत.

पाड्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. आरेत वारली आणि इतर आदिवासींचे २७ पाडे आहेत, वसाहतीच्या आधीपासूनचे. तिथे चाळीस मुले वह्या उघडून दारात उभी राहिली तर घरच्या बाईला काय वाटेल? आपल्याही वस्तीत असे पाहुणे येऊन गेले आहेत. फोटो काढून, ‘मागासलेली वस्ती’ असे लिहून गेले आहेत. म्हणून आधी कुणा वडीलधाऱ्याला भेटून विचारावे, चौघा-पाचांनीच जावे, ‘मावशी, काका’ म्हणावे. पाणी कुठून भरता, शाळा किती लांब, बिबट्याची भीती वाटते तेव्हा काय करता, हे विचारावे. कमाई किती आणि जात कोणती, हे विचारू नये. कुणी बोलायला नाही म्हणाले तर तेही अहवालात लिहावे. गुण कापले जाणार नाहीत.

आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. अहवाल तयार झाला की त्याची एक प्रत ज्यांनी उत्तरे दिली त्यांना नेऊन वाचून दाखवावी. कुठे चुकले असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील, आणि मग खोडून दुरुस्त करायला मुलांना वेळही मिळेल.