घरांतील निरोप्या

कबनुरांत यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो. त्यांत आमच्या घरीं एका मुक्या यंत्राची भर पडली आहे. धाकट्या चिरंजीवांनीं माजघराच्या कोनाड्यांत एक संगणक मांडून तो बिटकॉइनच्या जाळ्यास जोडला, तेव्हां वडील मंडळींस शंका आली कीं, हे सट्ट्याच्या नादीं तर लागले नाहींत ना? शंका रास्त होती. म्हणून आम्हीं सारा प्रकार समजून घेतला. इतर घरांतही हा प्रश्न उठत असेल, म्हणून तो येथें मांडतों.

बिटकॉइनचा व्यवहार २००९ सालच्या जानेवारींत सुरू झाला. त्याची वही कोणा एका पेढीपाशीं नाहीं. जगभरच्या हजारों संगणकांपाशीं तिच्या प्रती आहेत. कोणीं किती रक्कम पुढें दिली, हा निरोप एका संगणकाकडून दुसऱ्याकडे असा हातोहात सर्वत्र पोंचतो. आमच्या कोनाड्यांतील यंत्र हा असाच एक निरोप्या, म्हणजे 'रिले नोड' होय. मात्र तो आंधळा नव्हे. सही खरी आहे काय, तीच रक्कम पूर्वीं खर्ची पडली नाहीं ना, हें तो आपल्या वहीवरून पडताळतो. खोटें तेथेंच अडवितो, खरें तेवढें पुढें धाडतो.

मांडणी अवघड नाहीं. 'बिटकॉइन कोअर' ही प्रणाली विनामूल्य मिळते. आरंभापासूनची वही उतरवून तपासण्यास आमच्याकडे कांहीं दिवस लागले. सारी वही ठेवावयाची तर दोन टेराबाइटची साठवण असावी. जागा थोडी असल्यास तपासलेलीं जुनीं पानें गाळण्याची सोय आहे. यंत्र आपण होऊन दहा शेजारी शोधतें. बाहेरच्यांसही येऊं द्यावयाचें तर ८३३३ क्रमांकाचें द्वार उघडें ठेवावें लागतें. वीज गेली तरी सहसा नुकसान नाहीं. ती परत येतांच राहिलेलीं पानें तें शेजाऱ्यांकडून मागून घेतें. पैशाची किल्ली मात्र या यंत्रांत ठेवूं नये. निरोप्याच्या हातीं तिजोरी कशास द्यावी?

आणि या कामाचें वेतन? कवडीही नाहीं. नवें पान जोडणारास मोबदला मिळतो, निरोप्यास नाहीं. आपला हिशेब परक्याच्या भरंवशावर न सोडतां स्वतः तपासतां येतो, एवढाच लाभ. हें एवढें ठाऊक असलें, तरी पुष्कळ घरें वांचतील. २०१८ सालीं पुणें पोलिसांपुढें आलेल्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणांत दरमहा शेंकडा १० प्रमाणें १८ महिने परताव्याचें आमिष होतें. त्यांत असंख्य कुटुंबांची पुंजी बुडाली.

आमच्या घरीं वडिलांचा निकाल असा झाला: यंत्र चालूं द्यावें; विजेचा खर्च चिरंजीवांनीं आपल्या पगारांतून द्यावा; आणि 'नोड'च्या नांवानें घरबसल्या उत्पन्नाचें वचन देत कोणी आला, तर सर्वांसमक्ष विचारविनिमय झाल्यावांचून त्यास एक रुपयाही देऊं नये. वाचकांनींही आपापल्या घरीं हा नियम घालावा, अशी आमची विनंती आहे.