शस्त्रपूजेइतकीच शस्त्रनिगा महत्त्वाची

खंडेनवमीला महाराष्ट्रात आयुधांची पूजा होते. कारखान्यातील कामगार आपले यंत्र पुसतो, चालक आपली गाडी धुतो, पोलीस मुख्यालयांतील शस्त्रागारांत बंदुकांना झेंडूच्या माळा चढतात. या प्रथेचा पूर्वार्ध स्वच्छतेचा आहे आणि पूजा हा उत्तरार्ध. कामगाराला हा क्रम ठाऊक असतो; कारण वर्षभर त्याचे पोट त्या यंत्रावर असते. परंतु कपाटात पिस्तूल बाळगणाऱ्या परवानाधारकाला तो ठाऊक असतोच असे नाही. किंबहुना, परवाना ही प्रतिष्ठेची खूण मानणाऱ्या वर्गात शस्त्राचा अभिमान मोठा आणि शस्त्राची ओळख तोकडी, असे विपरीत चित्र दिसते.

वस्तुत: आधुनिक पिस्तुलाची सफाई हे गूढ शास्त्र नव्हे. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी शस्त्रनिर्मितीचा पूर्वानुभव नसताना घडविलेले पिस्तूल त्या देशाच्या सैन्याने 1982 साली स्वीकारले. त्याचीच आटोपशीर आवृत्ती असलेले ‘ग्लॉक 19’ 1988 साली आले. सुमारे 600 ग्रॅम वजनाचे आणि 15 गोळ्या सामावणारे हे पिस्तूल आज जगभरातील पोलीस दले वापरतात. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या हातीही ग्लॉक आहे. सफाईसाठी त्याचे सांगाडा, स्लाईड, नळी आणि स्प्रिंग असे चारच भाग सुटे करावे लागतात. सरावलेल्या हाताला त्यासाठी अर्धा मिनिटही लागत नाही.

मात्र या अर्ध्या मिनिटातच सगळी परीक्षा आहे. हे पिस्तूल खोलण्यापूर्वी त्याचा चाप एकदा दाबावाच लागतो. त्याशिवाय स्लाईड सुटत नाही. म्हणजे पिस्तूल रिकामे असल्याची खात्री नसेल, तर सफाईची पहिलीच कृती गोळीबाराची ठरते! यास्तव क्रम ठरलेला आहे. प्रथम मॅगझिन काढायचे, त्यानंतर स्लाईड मागे ओढून चेंबरमधील गोळी बाहेर पाडायची. हा क्रम उलटला, तर मॅगझिनमधील नवी गोळी निमूटपणे चेंबरमध्ये जाऊन बसते आणि हाताळणारा मात्र शस्त्र रिकामे समजून निर्धास्त होतो. मग चेंबर डोळ्यांनी पाहायचे, बोटाने चाचपायचे, काडतुसे त्या जागेवरूनच दूर ठेवायची आणि नळी सुरक्षित दिशेला रोखूनच चाप दाबायचा. नंतर स्लाईड किंचित मागे घेऊन दोन्ही बाजूंची खिटी खाली ओढली, की ती पुढे सरकून अलगद हाती येते.

पुढचे काम चिंदी, ब्रश आणि तेलाचे. येथेही अतिउत्साह घातक ठरतो. तेल जितके अधिक तितके शस्त्र चांगले, हा समज खोटा आहे. फायरिंग पिनचा मार्ग कोरडाच राहावा लागतो. तेथे तेल गेले की धूळ आणि जळका कचरा त्यात चिकटतो, आघात दुबळा पडतो आणि नेमक्या वेळी गोळी उडत नाही. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने पडून राहिलेले शस्त्र गंजते, हेही अनेकांच्या गावी नसते. जुन्या .303 रायफलीच्या काळात काडतुसातील क्षार नळीत उरत आणि ओल धरत. ते तेलाने निघत नाहीत, म्हणून सैनिक नळीतून उकळते पाणी ओतत असत. त्या पिढीला शस्त्राचा स्वभाव कळत होता.

चाप न दाबता खोलता येतील अशी पिस्तुलेही आता मिळतात, मग एवढी चिंता कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. सुधारणा स्वागतार्ह आहेच. परंतु ‘रिकामे आहे, मला ठाऊक आहे’ या अहंकारावर कोणत्याही कारखान्यात खटका बसविता येत नाही. 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारी रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्याच पायात शिरली. शस्त्र कपाटात ठेवताना हातून निसटल्याचे सांगण्यात आले. सुदैवाने ते बचावले. तेथे लेकरू खेळत असते तर? घरातील भरलेले शस्त्र माणूस ओळखत नाही, एवढाच त्याचा धडा.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. 2019 च्या दुरुस्तीने लग्नसमारंभात हवेत गोळ्या झाडण्याची हौस दंडनीय ठरविली. परंतु प्रमाणपत्र म्हणजे सवय नव्हे. एकदा शिकलेली गोष्ट दहा वर्षे हात न लावता टिकत नाही. परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी अर्जदाराने अधिकाऱ्यासमोर आपले शस्त्र रिकामे करून, खोलून, पुसून, पुन्हा जोडून दाखवावे. ज्याला हे जमत नाही, त्याला ते बाळगण्याचा अधिकार का असावा? नागरिकाच्या हाती शस्त्र नकोच म्हणणारे आणि प्रत्येकाला ते हवे म्हणणारे, असे दोन्ही पक्ष या साध्या प्रश्नाकडे पाठ फिरवतात.

हाच प्रश्न शासनालाही विचारावयास हवा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हुतात्मा तुकाराम ओंबळे केवळ लाठीनिशी कसाबच्या रायफलीला भिडले. शौर्याची वाण या भूमीला कधीच नव्हती. वाण होती ती सिद्धतेची. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही शस्त्रसामग्री आणि सराव यांतील उणिवांवर बोट ठेवले. नवी शस्त्रे विकत घेतल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, परंतु त्यांची निगा राखणारा आर्मरर, चिंदी-तेलाचा खर्च आणि सरावाची काडतुसे यांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. शस्त्राचे सामर्थ्य मात्र त्या न दिसणाऱ्या श्रमांवर उभे असते.

महाभारतात या विषयीचा मार्मिक दाखला आहे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शमीच्या झाडावर आयुधे ठेवण्यापूर्वी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. ज्यांच्याहून थोर धनुर्धर नाहीत, त्यांनीही चढविलेले धनुष्य तसेच ठेवले नाही. आणि वेळ येताच अर्जुनाने गांडीवाला पुन्हा प्रत्यंचा चढविली, तेव्हा ते वर्षभराच्या विश्रांतीनंतरही दगा देणारे ठरले नाही. दसऱ्याला शमीचे स्मरण करणाऱ्या समाजाने या कथेतील केवळ विजय उचलला, शिस्त मात्र झाडावरच राहू दिली.

येत्या खंडेनवमीला परवानाधारकांनी हार आणण्यापूर्वी चिंदी हाती घ्यावी. शस्त्र आधी रिकामे करावे, खात्री करावी, खोलावे, पुसावे, जोडावे. काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत. कुंकवाचा टिळा त्यानंतर. शस्त्राला देवत्व द्यावयाचे असेल, तर त्याच्या सेवेतही नित्यनेम हवा.