सुट्टे नाकारू नका, आधी निरखून बघा

दहा-वीसच्या नोटा बंद होऊन आता फक्त नाणी येणार, अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती आली की नाणी जमवणाऱ्या आमच्या मंडळींत चैतन्य पसरतं. घराघरांत नाणी येणार, पोरं ती निरखणार, छंदाला पुन्हा बरे दिवस येणार! मला हे पटत नाही. हा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेलाय.

एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली, दोन आणि पाचची १९९५ मध्ये. (पाचची पुढे पुन्हा छापावी लागली, ते सोडा.) छोटी नोट हातोहात फिरून लवकर फाटते, नाणं वर्षानुवर्षं टिकतं, असा साधा हिशेब होता. मग नाणी जमवणारे वाढले का? माझ्या पाहण्यात तर लोक नोटाच जपू लागले. २०१५ मध्ये एकची नोट पुन्हा निघाली, पण तिनं कधी भाजी विकत घेतल्याचं मी पाहिलं नाही. ती गेली आहेराच्या पाकिटांत आणि अल्बमांत. माणूस जपतो ते जायला निघालेलं, रोज खिशात खुळखुळणारं नव्हे.

अमेरिकेचा अनुभव तर याहून बोलका आहे. तिथे डॉलरचं लहान आकाराचं नाणं १९७९ मध्ये आलं, २००० मध्ये नव्या रूपात आलं, २००७ पासून एकेका राष्ट्राध्यक्षाच्या चेहऱ्यानिशी आलं. नोट मात्र चालूच राहिली. लोकांनी नाण्याकडे पाठ फिरवली आणि तिजोऱ्यांत ढीग साचल्यावर २०११ च्या अखेरीस चलनासाठी ती पाडणं थांबवलं गेलं. त्याच देशात १९९९ ते २००८ या काळात पाव डॉलरच्या नाण्यावर दर वर्षी पाच अशी पन्नास राज्यांची चित्रं आली आणि शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे मोड तपासू लागले. त्यासाठी कुठलीही नोट बंद करावी लागली नव्हती. परत मिळालेल्या सुट्ट्यांत आज काय निघेल, एवढं कुतूहल पुरलं.

तसं कुतूहल वाटावं असा माल आपल्या गल्ल्यातही आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया १९९० चा, ज्ञानेश्वरांचा १९९९ चा, तुकोबांचा २००२ चा. छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये १९९९ चे, लोकमान्यांचे पाच २००७ चे. ही सगळी नाणी तुमच्या-आमच्या हातांतून गेली आहेत आणि आपण ती न बघता कंडक्टरच्या हातावर ठेवली आहेत. याउलट हल्ली शंभर-दीडशे रुपयांची जी स्मारक नाणी निघतात, ती चलनासाठी नसतातच. पेटीत घालून दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दरानं विकली जातात. हौशी माणसानं ती जरूर घ्यावीत, पण त्यातून नवा संग्राहक घडेल असं मला वाटत नाही. आठ वर्षांच्या पोराच्या हाती दर्शनी किमतीत येईल तेच त्याचं पहिलं नाणं असतं.

म्हणून पहिली विनंती: दहाचं नाणं नाकारू नका. ‘हे चालत नाही’ हे वाक्य अजून कितीतरी दुकानांत ऐकू येतं. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, अशी अफवा मध्यंतरी जोरात होती. पंधरा रेघांचं नाणं रुपयाचं चिन्ह येण्याआधीचं, दहा रेघांचं चिन्हासकट नंतरचं, फरक एवढाच. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं, की दहाच्या नाण्याचे तोवर चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळे चालतात. गंमत बघा, ज्या वेगळेपणामुळे संग्राहक खूश व्हायचा, त्याच वेगळेपणामुळे दुकानदार ते परत ढकलतो.

आता एक नाणं हातात घ्या आणि उजेडात धरा. त्यावरचं साल शोधा आणि सालाच्या खाली बघा. बारीक हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, म्हणजे फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासून उभ्या असलेल्या वास्तूतलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. डोळे ताणावे लागतात, भिंग असलं तर बरं. एकाच सालाची चार टांकसाळींची चार नाणी जमवायची, एवढा एक खेळ मुलांना लावून दिला तरी सुटी पुरत नाही. आणि खर्च? रुपयाला रुपयाच.

खरी अडचण वेगळीच आहे. चहाचे दहा रुपयेसुद्धा आता मोबाइलवरून जातात, मग मोड हातात येणार कुठून? नोट जाऊन नाणं आलं तरी ते बँकेच्या पोत्यातच राहायचं. आठवड्यातून एकदा तरी भाजी रोखीनं घ्या आणि परत आलेले सुट्टे मुलांसमोर ठेवा.

जमवताना एका प्रकारचं एकच ठेवा, बाकीची फिरू द्या. डबाभर सारखी नाणी साठवून भाव येत नाही, बाजारात फक्त सुट्ट्यांची टंचाई होते आणि दुकानदार पुन्हा चॉकलेट हातावर ठेवतो. ‘वैष्णोदेवीचं पाचचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असा फोन किंवा जाहिरात आली तर दुर्लक्ष करा. आधी नोंदणीचे पैसे मागतील, मग कर, मग कमिशन, आणि शेवटी फोन बंद. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे उकळले जातात, म्हणून बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही.

अजून एक, आणि हे आयाबायांना हात जोडून. आजीच्या डब्यात किंवा देवघरात तांब्याची जुनी शिवराई निघाली, तर ती चिंच लावून किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. वरच्या काळपट थरासकट अक्षरांचे कंगोरे जातात. लखलखीत घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाही. साधं पाणी, मऊ फडकं, कागदाची पाकिटं एवढं पुरे. प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांत नाणी हिरवी पडतात. नाण्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा. मुंबईत असाल तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. निघण्याआधी कुठल्या दिवशी उघडं असतं ते विचारून घ्या.