शब्द नसलेलं गाणं

ज्यात शब्द नाहीत, ठेका नाही, असं संगीत ऐकून कधी गळा दाटून आलाय? आई विचारते, "काय झालं रे?" आणि सांगता तर काहीच येत नाही!

१९७५ सालची गोष्ट. इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो अपघातानंतर अंथरुणावर पडून होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने त्यांना हार्प या तंतुवाद्याची तबकडी दिली. ती गेल्यावर त्यांनी कशीबशी तबकडी लावली. पण आवाज अगदी बारीक, एक बाजू बंद, आणि पुन्हा उठायचं त्राण नाही! बाहेर पाऊस. त्यातून मधूनच हार्पचा सूर. खोलीतल्या उजेडासारखंच संगीतही नुसतं भोवती असू शकतं, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

पुढे त्यांची 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आली. तिच्यातल्या एका रचनेत नुसते गळ्यातले सूर आहेत, प्रत्येक सूर वेगळ्या लांबीच्या टेपवर फिरणारा. एक २३.५ सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ २६, तिसरा जवळजवळ ३० सेकंदांनी. त्यामुळे त्यांची गाठ दर वेळी निराळी! पुढचा सूर केव्हा येईल, मन वाट बघत राहतं. हुरहूर लागते ती इथेच, असं मला वाटतं.

तुमचं असं लाडकं गाणं मित्राला ऐकवताना "थांब, आता येईल बघ!" असं मध्येच बोलू नका बुवा. (आईबाबा, तुम्हीसुद्धा!) त्या मैत्रिणीसारखं गाणं द्या आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी शाळेत तो त्याबद्दल अवाक्षरही बोलला नाही, तर? कदाचित त्यालाही सांगता येत नसेल.