गड रिकामा करून इतिहास राखता येत नाही

१/ आडबाजूच्या गडांवरील जुन्या वस्तू शहरातील मोठ्या संग्रहालयात हलवाव्यात, म्हणजे त्या सुरक्षित राहतील, असा सल्ला देणारे दुर्गप्रेमी पुष्कळ भेटतात. हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा आहे. चंदगड तालुक्यातील पारगड त्याचे उत्तर देतो.

२/ पारगड सह्याद्रीच्या ऐन धारेवर उभा आहे. खाली कोकण, पलीकडे गोवा. पोर्तुगीजांवर आणि घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो उभारला व तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांना किल्लेदार नेमले, असे परंपरा सांगते.

३/ याचे वेगळेपण तटात नाही, माणसांत आहे. गडकऱ्यांच्या वंशजांची वस्ती येथे आजही आहे. रायगडावर आपण वाड्यांची जोती पाहतो. पारगडावर चूल पेटते आणि भवानीपुढे दिवा लागतो.

४/ १८४४ साली गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी वतनी हक्कांसाठी उठाव केला. तो मोडल्यावर इंग्रजांनी गडांची तटबंदी पाडली. तट पाडला की गड संपतो, असा त्यांचा हिशेब होता. वस्तू उचलल्या की इतिहास वाचतो, हा आपला हिशेबही त्याच वहीतला. दोन्हींत गडकरी कुठेच नाही.

५/ जर्मनीत कित्येक छोट्या किल्ल्यांत त्या-त्या गावाचे संग्रहालय भरले आहे. सरदाराच्या शस्त्राइतकाच मान तिथे कुंभाराच्या चाकाला मिळतो. याच ‘हाइमाट’ म्हणजे मायभूमीच्या भावनेला नाझींनी वंशाभिमानाचे विष पाजले, हेही विसरू नये. म्हणून आपल्याला जयघोषाची खोली नको. नोंदींची खोली हवी.

६/ दूर कशाला जायचे? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्याच टाऊन हॉल संग्रहालयात आहे. कोल्हापूरचे ते कोल्हापुरात, हा न्याय असेल, तर पारगडचे पारगडावर का नको?

७/ आक्षेप एकच वजनदार आहे: चंदगडचा पाऊस. ओल कागद कुजवते, लोखंड गंजवते. मान्य. नाजूक कागद तज्ज्ञांकडून जतन करून घ्यावेत. त्यांच्या प्रती गडावर मांडाव्यात. मात्र वस्तू कोणत्या घराची, ती कशी आली, याची नोंद त्या घराच्या तोंडून व्हावी आणि मालकी त्याच घराची राहावी.

८/ २०२५ साली बारा दुर्ग जागतिक वारसायादीत गेले. कोल्हापूर जिल्ह्यातून त्यात पन्हाळा आहे, पारगड नाही. त्याचे दुःख नको. दुःख याचे व्हावे, की पोटासाठी एकेक घर शहराची वाट धरते आणि त्याच्या कुलपाआड शस्त्रासोबत त्याची हकीकतही बंद होते.

९/ तरुण मित्रहो, पुढच्या वेळी पारगड चढाल तेव्हा तटावर उभे राहून छायाचित्र जरूर काढा. मग खाली उतरण्याआधी एखाद्या ओसरीवर बसा, विचारा, आणि परवानगी घेऊन लिहून घ्या. संग्रहालयाची पहिली नोंदवही तिथेच सुरू होते.